तोंडी हिशेब कोणाच्या कामाचा?

प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि प्रत्येक मोबाइलमध्ये गणकयंत्र आहे. अशा काळात मुलांना पाढ्यांचा आणि तोंडी हिशेबाचा जाच कशासाठी, असा प्रश्न शहरी पालकांच्या सभांतून हल्ली वारंवार विचारला जातो. गंमत अशी की, यांतलेच अनेक पालक संध्याकाळी त्याच मुलांना ‘अबॅकस’च्या नाही तर ‘वैदिक गणिता’च्या खाजगी वर्गात नेऊन सोडतात आणि त्यासाठी महिन्याकाठी चांगले पैसे मोजतात. शाळेत जे निरुपयोगी ठरले तेच बाहेर विकत घेण्याजोगे कसे होते, याचा उलगडा अवघड नाही. त्या वर्गांतून मुख्यतः चलाखी शिकविली जाते, आणि स्पर्धेच्या बाजारात चलाखीला भाव आहे.

गणित शिकविण्याच्या शास्त्राविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले, आणि त्या शास्त्राच्या नजरेने पाहता तोंडी हिशेब ही व्यवहारातील दोन पक्षांच्या बळाबळाची बाब आहे असे मला वाटते. देवघेवीत कागद बहुधा एकाच पक्षाच्या हाती असतो. खातेवही सावकाराची, हजेरीपट मुकादमाचा, काटा अडत्याचा, छापील करार कर्ज देणाऱ्या कंपनीचा. दुसऱ्या पक्षाजवळ जे काही असते ते त्याच्या डोक्यात असते. गणकयंत्र हाती असले तरी त्यात कोणता आकडा कोणत्या आकड्याने भागावयाचा हे ठरविण्याचे काम डोक्यालाच करावे लागते, आणि समोरचा माणूस सहीसाठी पेन पुढे करून उभा असतो तेव्हा मोबाइल काढण्याचे भान आणि धीर फार थोड्यांना असतो.

आपल्याकडील जुनी उजळणी ज्यांनी रचली त्यांना हे पुरते ठाऊक असावे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी ही नावे आजच्या पिढीला गंमतीची वाटतात. पण त्यांतील एकही हौसेखातर आलेले नाही. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, शेराचे सोळा छटाक, असा सगळा व्यवहार चौथाईच्या पटींनी चालणारा होता. आता अडीचकीच पाहा. मणाचे शेर चाळीस आणि रुपयाचे आणे सोळा. चाळिसाला सोळाने भागले की अडीच येतात. म्हणून मणाचा भाव जितके रुपये, तितक्या आण्यांना अडीच शेर माल, हे सूत्र निघते. बारा रुपये मण ज्वारी असेल तर बारा आण्यांना अडीच शेर. ज्याला हे पाठ होते त्याला वाण्याच्या पाटीकडे पाहावे लागत नसे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा; देह औट हाताचा, ही संतांच्या परिभाषेतील गोष्टही त्याच शब्दाने सांगितली जाते.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजनमापे लागू झाली. हा बदल योग्यच होता. परंतु त्याबरोबर पावकी-निमकीची गरज संपली असे सर्वांनी गृहीत धरले, ते मात्र मला कधीच पटले नाही. शेकडा पंचवीस म्हणजे पावकी, शेकडा पन्नास म्हणजे निमकी आणि शेकडा पंचाहत्तर म्हणजे पाउणकी. ज्या काळात व्याज, सूट, कर, महागाई, पगारवाढ सगळेच टक्क्यांच्या भाषेत बोलू लागले, नेमक्या त्याच काळात टक्क्यांचे हे देशी पाढे आपण अडगळीत टाकले.

येथे जुन्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पंतोजींच्या शाळेतील उजळणी ज्यांच्या कानांवर पडली ती मुले बहुतांशी भटजींची, कुलकर्ण्यांची आणि व्यापाऱ्यांची होती. कुणबी आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले त्या ओट्यावर नव्हती. हिशेबाची विद्या एका बाजूला साचली आणि देणेकऱ्याचा अंगठा दुसऱ्या बाजूला राहिला, याचा परिणाम मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दिसला आणि तेथून पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्या दंग्यांत माणसांना इजा त्या मानाने थोडी झाली. लोकांनी सावकारांकडे मागितले ते कर्जरोखे, आणि हाती आल्यावर जाळले तेही कर्जरोखेच. जो कागद आपल्याला वाचता येत नाही आणि ज्यातील व्याजाची बेरीज आपल्याला ताडून पाहता येत नाही, त्याचे दुसरे काय करावयाचे? पुढे दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी झालेल्या १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन मूळ देवघेवीचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. म्हणजे शेतकऱ्याला न येणारा हिशेब त्याच्या वतीने न्यायाधीशाने करावा, अशी ती तजवीज होती. जोतीराव फुले यांनी यापेक्षा मुळाशी हात घातला. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध लेखनवाचनाच्या जोडीने हिशेबाची मागणी केली. रोखे मोडीत लिहिले जात, हे ध्यानात घेतले म्हणजे मोडी आणि हिशेब ही जोडी त्यांनी का धरली असेल ते कळते.

स्वातंत्र्यानंतर सावकाराची जागा इतरांनी घेतली, हिशेबाची गरज तशीच राहिली. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे वाढली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या योजनेत मजुरी कामाच्या मापावर होती. वीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि दोन फूट खोल खोदकाम म्हणजे चारशे घनफूट, गावच्या भाषेत चार ब्रास. मापन-पुस्तकात तेथे तीन ब्रास लिहिले गेले तर टोळीच्या मजुरीतील पाव हिस्सा गेला. लांबी, रुंदी, खोली यांचा गुणाकार मनात करू शकणारा एखादा मजूर टोळीत असणे आणि नसणे यांत काय फरक पडतो, हे सांगावयास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

गरिबाला हिशेब येत नाही, हा समज मात्र साफ खोटा आहे. १९८५ साली ब्राझीलमधील रेसिफे शहरात कराहर, कराहर व श्लीमन या संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुले फक्त पाच, म्हणून त्यातून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण आकडे बोलके आहेत. गिऱ्हाईक होऊन विचारलेल्या हिशेबांत त्यांची शेकडा ९८ उत्तरे बरोबर आली. त्याच तऱ्हेची उदाहरणे कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिली तेव्हा शेकडा ३७. नारळ विकणाऱ्या बारा वर्षांच्या एका मुलाला दहा नारळांची किंमत विचारली होती. नारळ पस्तीस क्रुझेरोंचा एक. त्याने तीन नारळांचे एकशे पाच धरले, आणखी तीन मिळवून दोनशे दहा, मग पुन्हा तीन मिळवून तीनशे पंधरा, आणि शेवटचा एक घालून तीनशे पन्नास सांगितले. दहाने गुणताना शून्य जोडावे हे शाळेतील साधे सूत्र त्याने वापरलेच नाही. रस्त्यावरची पद्धत प्रत्येक वेळी श्रेष्ठ असते असे म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे. तरीही उत्तर बरोबर होते आणि ते कसे आले हे त्याला ठाऊक होते.

हा प्रश्न आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर तपासला गेला तो अलीकडे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांचे सहकारी यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी केली. ती २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. बाजारातील जवळजवळ सर्व मुले गुंतागुंतीचे हिशेब मनात नीट करीत होती. तितकीच किंवा त्याहून सोपी उदाहरणे शालेय पद्धतीने पुढे ठेवली की त्यांना ती सुटत नव्हती. जवळपासच्या शाळांतील ४७१ मुलांचे नेमके उलटे. कागदावरची साधी उदाहरणे ती अधिक बरोबर सोडवीत. पण बाजारातील जो एक हिशेब काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मुलांना आला, तो या शाळकरी मुलांत शेकडा एकालाच आला.

या पाहणीवरून बालमजुरीची भलामण कोणी करू लागेल तर त्याला हटकले पाहिजे. बाजारात उभे राहिल्याने मुलाला शिक्षण मिळते असा तिचा अर्थ नाही. मूल जी विद्या घेऊन वर्गात येते ती ओळखण्याची सोय आपल्या वर्गात नाही आणि वर्गातील विद्या बाजारात नेण्याची वाट कोणी दाखवीत नाही, एवढा तिचा अर्थ आहे. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत पाचवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणारी मुले शेकडा ३१ च्या आसपास होती. उरलेल्या ६९ मुलांना संख्येची जाण नाही असे आपण धरून चालतो. त्यांतील किती मुले भाजीच्या गाड्यावर सुटे पैसे बिनचूक परत देतात, हे त्या पाहणीत विचारलेले नसते.

मनातल्या हिशेबाची रीत कागदावरच्या रीतीहून वेगळी आहे, आणि शाळेने ती वेगळी म्हणूनच शिकविली पाहिजे. कागदावर आपण एककापासून, म्हणजे उजवीकडून निघतो आणि हातचा धरतो. मनात हातचा धरला की तो निसटतो. तेथे डावीकडून, मोठ्या आकड्यापासून निघावे. ३६७ आणि २८५ मिळवावयाचे तर आधी पाचशे, मग साठ आणि ऐंशी मिळून एकशे चाळीस, म्हणजे सहाशे चाळीस, आणि सात-पाच बारा : सहाशे बावन्न. वाटेत कोठेही थांबलो तरी उत्तराचा मोठा भाग हाती असतो. गुणाकारात जवळचा सोयीचा आकडा धरावा. अठ्ठेचाळीस रुपये किलोची वस्तू साडेतीन किलो घेतली, तर पन्नासची औटकी एकशे पंचाहत्तर. दोनची औटकी सात. ती वजा करून एकशे अडुसष्ट. टक्क्यांचे तसेच. साडेचारशे रुपयांवर शेकडा अठरा कर म्हणजे किती? शेकडा दहाचे पंचेचाळीस, विसाचे नव्वद, त्यातून दोनचे नऊ गेले, राहिले एक्क्याऐंशी. यात गूढ काही नाही. ‘वैदिक’ म्हणून खपविल्या जाणाऱ्या क्लृप्तीही जातीने याच कुळातल्या. त्या सांगणारे पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झाले आणि वेदांशी त्याचा संबंध दाखविता येत नाही, हे गणितज्ञ श्रीकृष्ण दाणी यांनी १९९३ मध्येच सविस्तर मांडले आहे. शकुंतलादेवींनी १९८० साली लंडनमध्ये दोन तेरा अंकी संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत केला, तो पराक्रम खराच. पण तेरा अंकी व्यवहार करण्याची पाळी तुमच्या-माझ्यावर येत नाही.

मराठीची एक स्वतःची अडचण येथे नमूद करावयास हवी. आपल्या संख्यानामांत एकक आधी येतो आणि दशक मागून : सत्तावन्न म्हणताना सात आधी, पन्नास नंतर. एकोणसाठ म्हणताना तर साठ गाठून एक पाऊल मागे यावे लागते. कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला दशक आधी ऐकू येतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले गेले तेव्हा त्यावर विनोदांचा पाऊस पडला आणि विधिमंडळातही हशा पिकला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत राहिल्या की जुनी नावे रद्द केलेली नाहीत, मुलाला आधाराला एक काठी दिली आहे. मला ती काठी उपयोगाची वाटते. डावीकडून मोजावयाचे तर नावही डावीकडून आलेले बरे. भाषेच्या अभिमानाला त्यात धक्का लागण्याचे कारण नव्हते. ज्यांना धक्का बसला त्यांची मुले बहुधा इंग्रजीतून मोजत होती.

आता ज्यासाठी हा सारा खटाटोप, त्या व्यवहाराकडे येतो. गावोगाव बायकांच्या गटांना लहान कर्जे मिळतात, वस्तू हप्त्याने मिळतात. समजा दहा हजार रुपये एका वर्षासाठी, ‘सरसकट बारा टक्क्यांनी’, बारा मासिक हप्त्यांत फेडावयाचे. व्याज बाराशे, एकूण अकरा हजार दोनशे, हप्ता सुमारे ९३३. ऐकताना बारा टक्के वाजवी वाटतात. पण दहा हजार रुपये वर्षभर तिच्याजवळ राहतात कोठे? दर महिन्याला मुद्दलापैकी ८३३ रुपये परत जातात. पहिल्या महिन्यात तिच्याकडे दहा हजार, शेवटच्या महिन्यात ८३३. दोहोंची सरासरी सुमारे पाच हजार चारशे. तिने वर्षभर वापरले ते एवढेच, आणि व्याज दिले बाराशे. पाच हजार चारशेचे शेकडा दहा म्हणजे ५४०, वीस म्हणजे १०८०. वरचे १२० म्हणजे आणखी दोनाहून थोडे अधिक. खरा दर शेकडा बावीसच्या घरात गेला. त्यातच ‘प्रक्रिया’ आणि ‘विमा’ म्हणून तीनशे रुपये आधीच कापून घेतले तर खर्च पंधराशे होतो आणि दर अठ्ठाविसाला जाऊन भिडतो. या साऱ्याला कागद लागत नाही. सरासरी धरण्याची सवय आणि दहाचा टक्का काढण्याची सवय, एवढ्या दोन गोष्टी लागतात. पदव्युत्तर वर्गात चक्रवाढीचे सूत्र फळ्यावर सिद्ध करून दाखविणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत; हे उदाहरण त्यांना तोंडी घातले की निम्मे तरी ‘बारा’ असेच उत्तर देत.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी मुख्य बाबींचे विवरणपत्र देणे बंधनकारक केले आणि त्यात सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर लिहावा असे सांगितले. चांगला नियम आहे. पण ज्याला त्या आकड्याचा अंदाज स्वतः येत नाही त्याला तो आकडा खरा की खोटा हेही कळत नाही, आणि नियमाबाहेरच्या सावकाराला तर विवरणपत्रच नाही. त्याच्या तोंडी ‘पाच टक्के’ असते ते दरमहाचे. बँकेचे अकरा आणि सावकाराचे पाच यांत पाच लहान वाटतात. प्रत्यक्षात ते सरळव्याजाने वर्षाचे साठ. बहात्तरला दराने भागले की रक्कम चक्रवाढीने दुप्पट होण्याचा काळ ढोबळमानाने निघतो, हा ठोकताळा पाचोली या इटालियन गणित्याच्या १४९४ च्या ग्रंथात आहे. बहात्तरला पाचने भागा : सव्वाचौदा-साडेचौदा महिन्यांत दामदुप्पट.

दुकानातील फसगतींबद्दल फार लिहीत नाही. त्यांची चर्चा पुष्कळ होते. पन्नास टक्के सुटीवर आणखी वीस टक्के सूट म्हणजे सत्तर नव्हे, साठ. पाच रुपयांच्या पुड्यातील माल पासष्ट ग्रॅमवरून पंचावन्नवर आला तर किंमत तीच राहूनही भाव शेकडा अठराने चढला. शेतमालाच्या बाजारात जितक्या रुपयांना क्विंटल तितक्या पैशांना किलो. चोवीसशेचा कांदा शेतकऱ्याला चोवीस रुपये देतो, आणि त्यातून हमाली, तोलाई व गाडीभाडे वजा जाते. शहरात तोच कांदा चाळीसने घेणाऱ्याने मधल्या सोळा रुपयांचा विचार करावा.

मतदार म्हणून लागणारा हिशेब मात्र सर्वांत दुर्लक्षित आहे. लाख कोटी, हजार कोटी हे शब्द कानांवर आदळतात आणि माणूस गप्प होतो. त्यांना माणसांनी भागावयास शिकले पाहिजे. देशाची लोकसंख्या ढोबळ एकशे चाळीस कोटी धरली तर लाख कोटींची योजना म्हणजे माणशी सातशे रुपयांच्या आसपास. महाराष्ट्रातील ‘लाडकी बहीण’ योजना घ्या. दरमहा दीड हजार, म्हणजे वर्षाला अठरा हजार. २०२४ साली तिच्यासाठी वर्षाकाठी ४६ हजार कोटींचा खर्च सांगितला गेला; त्याला अठरा हजारांनी भागले की अडीच कोटींहून थोड्या अधिक बायका येतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटींची तरतूद आली. भागाकार बरोबर दोन कोटी. मधल्या पन्नास लाख नावांचे काय व्हावयाचे आहे, पैसे नंतर पुरवणी मागणीतून येणार आहेत की नावे गळणार आहेत, हा प्रश्न अर्थसंकल्पाच्या दिवशीच विचारता आला असता. योजना चांगली की वाईट, हा वाद त्यानंतरचा.

शाळेने काय करावे हे सांगणे सोपे आहे. दहापर्यंतचे पाढे पाठ असावेत, त्यात सूट नको. पाव, निम, पाऊण, सवा, दीड यांचे पाढे टक्क्यांच्या नावाने परत आणावेत. आठवड्यातून एक तास कागद-पेन्सिलीशिवाय बाजाराच्या भावांवर घालवावा आणि त्या तासात भाजीवालीच्या मुलाने आपली रीत वर्गाला सांगावी. उत्तर बिनचूक येण्याइतकेच महत्त्व अंदाज जवळचा येण्याला द्यावे. परीक्षा मंडळांना यातले काही लौकर रुचेल अशी मला आशा नाही.

प्रौढांसाठी मात्र परीक्षा मंडळाची वाट पाहण्याचे कारण नाही. बचतगट, हमाल पंचायती, ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्या बैठका होतच असतात. त्यांत अर्धा तास काढून प्रत्येकाने आपल्या चालू कर्जाचा किंवा उचलीचा दर मोठ्याने काढून दाखवावा. ज्याला येत असेल त्याने शेजाऱ्याला दाखवावे. नवे कर्ज घेणाऱ्या बाईला तीन प्रश्न पुरतात : दर महिन्याचा की वर्षाचा, व्याज उरलेल्या मुद्दलावर की पहिल्या मुद्दलावर, आणि हातात प्रत्यक्ष रुपये किती पडणार. उत्तरे मिळून त्यांचा हिशेब मनात जुळेपर्यंत सही थांबविता येते. त्याला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.